धबधब्यावरचं धुणं

जळकोटच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीवर गाडी लावून आम्ही नवराबायको धबधबा बघायला निघालो. खालून पाण्याच्या आवाजातही कपडे आपटल्याचा आवाज येत होता. धप. धप.

"खाली कोण धुणं धुऊन राहिलंय?" दारात शेंगा फोडत बसलेल्या म्हातारीला मी विचारलं.

"आमी नळावर धुताव. धबधब्यावर फकस्त मयताचे कपडे नेतेत."

"मग कोणी वारलं का?"

"आमच्या गावात न्हाई." तिनं शेंग फोडली. "लेकरू घरीच ठेवलं का?"

लेकराचं तिला आम्ही काहीच बोललो नव्हतो. मला म्हातारीचा संशय आला. बाहेरची माणसं नको असली की असलंच काहीतरी सांगतात, असं मी समीक्षाला म्हणालो आणि आम्ही उतरू लागलो.

आवाज जवळ येत गेला आणि शेवटच्या वळणावर थांबला.

खाली कोणीच नव्हतं. दगडावर एक पिवळा फ्रॉक पिळून ठेवलेला होता.

समीक्षानं तो उलगडला. खिशाला निळ्या दोऱ्याचे टाके होते. आज सकाळी पिवळा दोरा सापडला नाही, म्हणून तिनंच आमच्या लेकीच्या, मैत्रीच्या फ्रॉकला ते घातले होते. तोच फ्रॉक घालून मैत्री लातूरला आजीपाशी थांबली होती.

मी मोबाईल काढला. रेंज नव्हती.

फ्रॉक समीक्षाच्या हातात होता, आणि पाण्याआड पुन्हा धप, धप सुरू झालं.