सुट्टीवर गेलेला बोलर

शुक्रवारी, म्हणजे आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी पावणेसातला अंपायरने सह्याद्री इलेव्हनची मोजणी केली. माणसं अकरा भरली, शर्ट दहा.

अकरावा माणूस बनियनवर उभा होता. शेरजमान, पेशावरचा. डिस्कव्हरी गार्डन्सच्या इमारतींमध्ये पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पोचवायचा. लिफ्ट बंद होती त्या दिवशी दोन्ही खांद्यांवर एकेक बाटली घेऊन तो न थांबता चौथ्या मजल्यावर चढला, आणि कॅप्टन सिद्धांतने त्याला जिन्यातच टीममध्ये घेऊन टाकलं. शेरजमानच्या अटी दोनच. मॅच जुम्म्याच्या नमाजाआधी संपली पाहिजे, आणि संपल्यावर विभावरीकाकूंची थालीपिठं.

अंपायर म्हणाला, शर्ट नाही तर प्लेयर नाही. सातला अकरा शर्ट दिसले नाहीत तर समोरच्या इंटरनॅशनल सिटीच्या टीमला वॉकओव्हर. सह्याद्रीचे आधीच दोन वॉकओव्हर झालेले. तिसऱ्याला टीम लीगमधून बाद.

बाउंड्रीबाहेर घडीच्या खुर्चीत बसून सूर्यकांतकाका हे ऐकत होते. काका टीममध्ये नव्हते, कधीच नव्हते. बॅट हातात धरली असेल तर ती दुसऱ्याला द्यायला. पण टीम करामा भागातल्या मैदानावर खेळायची तेव्हापासून त्यांचा एक शुक्रवार चुकला नव्हता, आणि टीमबद्दल त्यांच्याइतकी मतं टीममध्येही कुणाला नव्हती.

यंदा तर फारच होती. मे महिन्यात उन्हापायी खेळ थांबला आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होईतो मंदीपायी सात जण मायदेशी गेले. आधी कंपनी जायची, मग व्हिसा, मग माणूस. जाताना जो तो आपला शर्ट धुऊन ठेवून गेला, कारण शर्ट करून देणारी बिल्डरची कंपनी तर सगळ्यांच्या आधी गेली होती. त्यामुळे नवी भरती जुन्याच नावांनी फिरत होती. 'श्रीरंग' लिहिलेल्या शर्टात केरळचा ओपनर होता. काकांचं म्हणणं, श्रीरंग आउट व्हायचा तेसुद्धा बघण्यासारखं असायचं. हा टिकतो, पण बघवत नाही. 'अरुण'च्या शर्टातला कीपर कोलंबोचा. अरुण एक कॅच सोडायचा आणि अर्धा तास कारणं द्यायचा. हा पकडतो आणि गप्प बसतो. मग माणसाने भल्या पहाटे उठून यायचं कशाला?

सात नंबरचा शर्ट तेवढा परत आला नव्हता. तो बोलर वेदांगचा. वेदांग टेप गुंडाळलेला टेनिस बॉल पँटवर घासघासून चमकवायचा. टेपला चमक येत नाही हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. कुणी विचारलं की काका म्हणायचे, सुट्टीवर गेलाय, सीझनला येईल. त्याची गाडी बिल्डिंगखाली धूळ खात उभी होती तोवर हे चालून गेलं. गेल्या महिन्यात म्युनिसिपालिटीने काचेवर नोटीस चिकटवली आणि मग गाडी उचलून नेली. काकांनी त्याची सुट्टी वाढवली.

सिद्धांत कुणाकुणाला फोन करून शर्ट मागत होता. सातला पाच कमी होते.

काकांशेजारी बसलेल्या विभावरीकाकूंनी थर्मासचं झाकण लावलं. "अहो, बॅगेत काय आहे ते तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

"टोपी आहे."

"टोपी डोक्यावर आहे तुमच्या."

सिद्धांतने फोन खाली घेतला. तो खुर्चीसमोर येऊन उकिडवा बसला.

"वेदांगचा शर्ट तुमच्याकडे आहे, काका?"

"जाताना एअरपोर्टवर दिला त्याने, ठेवायला. वापरायला नाही."

सिद्धांतने फोन खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, "त्याचा मेल आला होता मला. नाशिकला जॉइन झालाय."

"माहीत आहे," काका म्हणाले. "मलाही आला."

मग त्यांनी बॅगेची चेन उघडली. शर्ट लाँड्रीच्या पारदर्शक पिशवीत होता, कॉलर ताठ, वर टाचलेल्या चिठ्ठीवर कालची तारीख. मे महिन्यापासून कुणी अंगात न घातलेला शर्ट दर गुरुवारी इस्त्रीला जात होता. काकूंनी दुसरीकडे पाहिलं.

शेरजमानला तो खांद्यात घट्ट झाला. शिवण करकरली, पण धरून राहिली. पाठीवर इंग्रजी अक्षरं होती आणि ती त्याला वाचता येत नव्हती. त्याने विचारलं, "चाचा, ये किसका नाम है?"

"वेदांग. छुट्टी पे गया है."

शेरजमानने मान डोलावली. "आएगा तो उतार दूँगा."

अंपायरने अकरा शर्ट मोजले. शेरजमान लांबून धावत आला, बॉल कशालाही न घासता, आणि पहिल्याच चेंडूवर मधला स्टंप मागे जाऊन पडला. सगळी टीम त्याच्याकडे पळाली. कोलंबोचा कीपरसुद्धा पहिल्यांदा काहीतरी ओरडला.

इंटरनॅशनल सिटीचा पुढचा बॅट्समन ग्लव्ह्ज चढवत काकांच्या शेजारी उभा होता. त्याने पाठीवरचं नाव वाचलं.

"अंकल, ये वेदांग तो आपका पुराना बोलर है ना?"

काका लाँड्रीची पिशवी तिच्या जुन्या घड्यांवरच दुमडत होते. घडी पुरी होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"नहीं," ते म्हणाले. "ये नया है."