शिवलेलं लेबल

लिफ्ट बंद होती. पाचवा मजला चढेपर्यंत शशिधर सबनीसांना चांगलीच धाप लागली. तरी बेलकडे गेलेला हात त्यांनी दोनदा मागे घेतला. खाली व्हॅन पार्किंगला मनाई असलेल्या डबल यलो लाइनवर उभी होती. कुठल्याही क्षणी दंडाचं तिकीट लागलं असतं, आणि हे दाराशी पाय बदलत उभे.

गेल्या शनिवारी याच घरात त्यांनी सोफा आणून दिला होता. हिरवा, तीन जणांचा, दिसायला धडधाकट. आज गुरुवार. सोमवारपासून त्यांचं कशातच लक्ष लागत नव्हतं. चहा केला तर प्यायचा विसरत. गिऱ्हाइकाने टेबलाची किंमत विचारली तर कपाटाची सांगत. "काय झालंय हो तुम्हाला?" असं त्यांच्या बायकोने, सुहासिनीने, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पाठदुखीवर ढकललं.

लंडनच्या ईलिंग भागात त्यांचं जुन्या सामानाचं दुकान होतं. त्र्याण्णवच्या मार्चपासून नवा नियम लागू झाला होता. लवकर पेट न घेणाऱ्या फोमचं लेबल नसेल, तर जुना सोफासुद्धा विकायचा नाही. शशिधररावांनी पंचवीस वर्षं तिथल्या ट्यूब रेल्वेत इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती. विजेला ते वचकून असत. दुकानात आलेली प्रत्येक इस्त्री, प्रत्येक हीटर स्वतः उघडून बघत. वायर चिरलेली दिसली की कापून नवी घालत, प्लगमधला फ्यूज तपासत. एकदा तर विकत मागणाऱ्या माणसाच्या हातातून त्यांनी टोस्टर काढून घेतला होता. सोफ्याचा नियम मात्र त्यांना नुसती कागदपत्रांची कटकट वाटे. फोममध्ये कुठे करंट असतो? म्हणून एका मोडक्या खुर्चीचं लेबल त्यांनी उसवलं आणि हिरव्या सोफ्याच्या उशीखाली शिवून टाकलं.

सोमवारी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, बाई दुकानाच्या तपासणीला आली. इलेक्ट्रिकचं सामान बघून खूश झाली. मग कोपऱ्यातल्या सोफ्यांची लेबलं तपासता तपासता सहज म्हणाली, "या जुन्या फोमचा धूर कसा असतो, हे लोकांना ठाऊकच नसतं. एकदा पेटला की दोन-तीन मिनिटांत खोली काळी होते. माणसं धुरानेच जातात. कितीतरी जणांना जागसुद्धा येत नाही."

ती गेली आणि शशिधररावांना शनिवार आठवला. सोफा जमिनीला टेकायच्या आत दोन मुली त्यावर उड्या मारायला लागल्या होत्या. त्यांची आई शेजारी उभी राहून हसत होती, आणि तिच्या बोटांत पेटती सिगारेट होती.

त्यांनी बेल दाबली.

दार आईनेच उघडलं. ट्रेसी तिचं नाव. पंचविशीची असेल. धाकटी तिच्या कडेवर होती. आत थोरली हिरव्या सोफ्यावर पालथी पडून टीव्ही बघत होती.

"मिस्टर सबनीस? काही राहिलं का?"

"सोफा परत न्यायला आलोय. तुमचे सगळे पैसे देतो."

तिचा चेहरा बदलला. "का? जास्त देणारं कुणी भेटलं वाटतं?"

"छे, छे. त्याची स्प्रिंग जरा..." ते अडखळले. जिन्यात जुळवून ठेवलेलं खोटं तोंडातून निघेना. "त्याचं लेबल खोटं आहे. दुसऱ्या खुर्चीचं काढून मी शिवलंय. आतला फोम जुना आहे. तो पेटला तर..." थोरलीकडे बघून त्यांनी पुढचे शब्द गिळले.

आता ही ओरडेल, कौन्सिलला कळवेल, पोलिसांत जाईल. ते मान खाली घालून उभे राहिले.

"मला माहीत होतं," ट्रेसी म्हणाली.

"काय?"

"दुकानातच मी उशी उचलून बघितली होती. लेबलचा दोरा नवाकोरा होता. मी पडदे शिवायच्या कारखान्यात होते, मला कळतं ते."

"मग घेतलात कशाला?"

"खऱ्या लेबलवाले मला परवडत नाहीत. इथलं कार्पेट सदा ओलं असतं. मुलींना बसायला काहीतरी हवं होतं." मग ती म्हणाली, "आता मी सिगारेट बाहेर गॅलरीत ओढते."

तीन दिवस शशिधरराव एकाच गोष्टीने तळमळत होते की आपण हिला फसवलं. ही तर फसलीच नव्हती. सगळं समजूनउमजून तिने मुलींना त्यावर बसवलं होतं.

"तासाभरात येतो," एवढंच म्हणून ते भराभर जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या फोनबॉक्समधून त्यांनी घरी फोन लावला.

"सुहास, आपल्या हॉलमधल्या सोफ्याला लेबल आहे का बघ गं."

तो सोफा मंजिरीने, त्यांच्या मुलीने, डॉक्टर झाल्यावर पहिल्या पगारातून घेतला होता. सुहासिनी त्यावर पाहुण्यांखेरीज कुणाला टेकू देत नसे. ती बघून आली.

"आहे की. का हो?"

त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. उसवलेली खुर्ची, कौन्सिलची बाई, ओलं कार्पेट, दोन मुली. फोनचं मशीन टूंटूं करत आणखी पैसे मागायला लागलं. त्यांनी घाईघाईने आणखी एक नाणं टाकलं.

"सुहास, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. तुम्ही व्हॅन घेऊन या. तोवर मी त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवते. पोरींच्या पायांना चिकटेल ते."