उतारावरची जागा

सुफियाननं किल्ली फिरवली. टक्. बस, तेवढंच.

परत फिरवली. परत टक्. त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. मागं दुखवट्याच्या खुर्च्या भरलेला टेम्पो अडकला होता. टेम्पोवाला म्हणाला, गाडी काढ बाबा, याच खुर्च्या संध्याकाळी लग्नात जायच्यात.

त्याची आई, उम्म सुफियान, दारात उभी होती. अंगावर काळे कपडे, हातात कडू कॉफीची किटली. ती कधी उचलली, तिला आठवत नव्हतं. नवऱ्यामागची इद्दत चालू, उंबरा ओलांडायचा नाही. दुखवट्याला आलेल्या बायका रडून रडून गेल्या. तिला रडू आलं नव्हतं.

खालच्या गल्लीतला मामून मेकॅनिक आला. सुफियान म्हणाला, बॅटरी बसली. मामूननं त्याला हेडलाइट लावून किल्ली मारायला सांगितली. टक्. लाइट जरासुद्धा मंद झाले नाहीत.

"बॅटरी ठणठणीत आहे. सेल्फ गेलाय."

तो गाडीखाली सरकला आणि पान्यानं सेल्फला दोन ठोके घातले. आता मार म्हणाला. गाडी सुरू झाली. बंद करून परत मारली, तर टक्. आतले कार्बन पार झिजलेत, तो म्हणाला, हे आजचं दुखणं नाही.

"मग बाबा रोज कशी काढायचे?"

मामूननं चढाकडं बोट केलं. वर, पावाच्या भट्टीसमोर, बाप रोज गाडी लावायचा. चाकाखालचा दगड अजून तिथंच पडलेला. दगड काढायचा, गाडी उतारावर सोडायची, गिअर टाकायचा.

"अर्धं अम्मान असंच चालतं. उतार फुकट असल्यावर आमच्याकडं कोण येतंय?"

"पण त्या सकाळी गाडी इथं होती. दारात. गाडीच्या मागंच पडलेले सापडले ते."

"इथं सपाट आहे," मामून म्हणाला. "ढकलायला गेले असतील." मग तो हात पुसत बसला.

हृदय, असं डॉक्टर म्हणाला होता.

"इथं का लावली त्यांनी? यम्मा?"

आदल्या रात्री तीच बोलली होती. चढून चढून माझे गुडघे गेले, लोकांचे नवरे गाडी दारात आणतात, तुमचं काय त्या भट्टीशी लग्न लागलंय का. तो हसला होता. किल्ली घेऊन वर गेला होता.

"काय माहीत," ती म्हणाली.

मामूननं सेल्फ उतरवून नवे कार्बन बसवले. टेम्पोवाला तोवर पुटपुटत बसला. मग सुफियाननं किल्ली मारली आणि गाडी एका दमात सुरू झाली. त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. टेम्पो गेला की परत दारातच लावतो म्हणाला, आता कुठंही सुरू होईल.

"वर लाव."

"यम्मा, आता गरज नाही."

"वर लाव. आणि दगड नीट ठेव."

गाडी चढ चढून गेली. सुफियान उतरला, वाकला. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून बघत होती. किटली गार झाली होती.