मालकांची गाडी

गुणाजी जन्मला तेव्हाच याचे कान पिळून ठेवायला हवे होते, असं बायजाबाई सकाळपासून म्हणत होती. ओट्यावर शेजारची ठमाबाई तांदूळ निवडत बसली होती, पण बोलणं तिच्यासाठी नव्हतं. ते अंगणात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या लेकासाठी होतं.

"बाप गेला आणि बापाची गाडी याला जड झाली. रोह्याला कुठल्या शाळेनं टाकून दिलेली गाडी हाय म्हणं, ती आणणार. घरचं ताट उकिरड्यावर आणि लोकांचं उष्टं घरात."

अंगणाच्या कडेला चिंचेखाली बायजाबाईच्या नवऱ्याची, पुंडलिकाची बस उभी होती. पेण-रोह्याच्या पट्ट्यातली किती वऱ्हाडं तिनं वाहिली, त्याला गणती नव्हती. वाटेत इंजिन तापलं की पुंडलिक बायकांना गाणी म्हणायला लावायचा आणि गाणं संपेपर्यंत पाणी घालून घ्यायचा. तो गेल्यापासून ती जागची हलली नव्हती.

रोह्याला आता कंपन्या झाल्या होत्या. शिफ्ट सुटली की माणसं चहा-भाकरी शोधत फिरायची. बसची बाकडी काढून आत चूल मांडायची आणि कंपनीच्या फाटकाबाहेर खानावळ लावायची, ही कल्पना बायजाबाईचीच. गुणाजीलाही ती पटली होती. भांडण होतं ते गाडीवरून. ती म्हणे दुरुस्त करू, तो म्हणे बदलू.

"चासी गेलीय, आये. खालचं लोखंड उरलं नाय."

"कशानं गेली?"

"पुढची काच फुटली होती. ताडपत्री घालायची ती मी घातली नाय. तीन पावसाळे पाणी आत गेलं."

"का नाय घातलीस? हात झडले होते?"

"आळस केला."

त्याची बायको मालू दारातून काही बोलायला पुढं झाली.

"मालू, चहा ठेव," गुणाजी म्हणाला. ती तशीच आत वळली.

त्या दिवसापासून बायजाबाईनं लेकाशी सरळ बोलणं सोडलं. बाजारात, देवळात, जो भेटेल त्याला ती सांगायची, "माझ्या पोरानं मालकांची गाडी कुजवली. बसल्या जागी कुजवली." गुणाजीच्या कानावर सगळं येई. तो ऐकून घेई. उलटून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या गप्प बसण्यानं ती जास्तच पेटायची.

शेवटी तिनंच रोह्याहून कान्हूला बोलावून घेतलं. पुंडलिकाच्या वेळेपासून बसचं दुरुस्तीचं काम कान्हूच करायचा.

"त्याला कशाला, आये? मी बघितलंय ना."

"तुझ्या बघण्यावर इस्वास नाय म्हणून."

कान्हू आला, गाडीखाली सरपटत गेला आणि अंग झाडत बाहेर निघाला. त्यानं आधी गुणाजीकडं बघितलं.

"काकी, गाडी म्हातारी झाली."

"म्हातारी मीपण हाय. मला घालतोस भंगारात?"

कान्हू हसला नाही. "बदला. एवढंच सांगतो."

"तूबी त्याला सामील हायस व्हय?" बायजाबाई तरातरा बसमध्ये चढली आणि फळ्यांवर टाच आपटली. "बघ, सागाच्या हायत. मागच्या अंगाला माझ्या मिठागरातलं मीठ रचलं, पार छपराला टेकेस्तोवर. तिन्ही पावसाळे. एका गोणीला थेंब लागला नाय. आम्ही मीठ ठेवतो ते लाकडावर, लोखंडाला टेकूसुद्धा देत नाय. असल्या गाडीला कुजकी म्हणता?"

कान्हू हातातल्या पेचकसाशी चाळा करत राहिला.

"फळ्या उचल. मला बघायचंय."

गुणाजी झटकन चढून आला आणि फळ्यांवर उभा राहिला. "नको, आये. बघून काय होणार हाय?"

आत्ता कुठं याला लाज वाटायला लागली, असं तिच्या मनात आलं. तिनं त्याला हातानं बाजूला केलं. "उतर. काय करून ठेवलंस ते चारचौघांना दिसू दे."

चारचौघं जमलीच होती. ठमाबाई सूप घेऊन खिडकीशी येऊन उभी होती.

फुटक्या काचेखालची फळी बायजाबाईनं आधी उचलायला लावली. पाणी शिरलं ते तिथूनच ना. खाली लोखंडावर धुळीचा थर होता. कान्हूनं बोटानं पुसला तर पुंडलिकानं लावलेला तांबडा रंग तसाच होता. पेचकसानं ठोकलं तसं लोखंड खणखणलं.

बायजाबाई बघत राहिली. मग म्हणाली, "मागची उचल."

"आये," गुणाजी म्हणाला.

"कान्हू, उचल रे तू."

मागची फळीही वरून खणखणीत होती. तिच्याखाली मात्र लोखंडाचे नुसते पापुद्रे उरले होते. कान्हूनं पेचकस टेकवला, तो आरपार गेला. पापुद्र्यांवर काहीतरी पांढरं, ओलसर चिकटलं होतं.

ती गुडघ्यांवर बसली. त्या पांढऱ्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"काय झालं गो, बायजे?" ठमाबाईनं खिडकीतून विचारलं.

बायजाबाईनं लेकाकडं बघितलं. चोरी पकडली गेल्यासारखा गुणाजी मान खाली घालून उभा होता. बाजारात आपण त्याला काय काय म्हणालो आणि कोणाकोणाला सांगितलं, ते एकेक तिला आठवत गेलं. ती उठायला लागली तसा त्यानं हात पुढं केला. तो धरून ती उभी राहिली, आणि मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं,

"रोह्याची घे, गुणाजी. आणि तिच्या पायरीवर मी मिठाची गोण घेऊन दिसले, तर आई हाय म्हणून गय करू नको."