समोरच्या गॅलरीतली मान

आबांनी पुन्हा मान हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नाही म्हणजे नाही.

गंधारने गिटार खाली ठेवली. ठेवली म्हणजे आदळलीच.

"आज कितव्या मिनिटाला?" त्याच्या बायकोने, ऋचाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पहिल्याच. अजून नीट सुरूसुद्धा केलं नव्हतं."

"खिडकी लाव मग."

"मी का लावू? त्यांनी खुर्ची फिरवावी."

लोणावळ्यातली ती गल्ली इतकी अरुंद होती की समोरच्या फोडणीला इकडे शिंका यायच्या. समोरच्या राजेश्वरीताईंचे वडील दिवाळीनंतर औंढ्याहून लेकीकडे राहायला आले, आणि रोज सहाला गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. गंधारही तळेगावच्या कारखान्यातून येऊन बरोबर सहालाच खिडकीशी गिटार घेऊन बसायचा. बारा वर्षं तो आपला आपणच शिकत होता. गुरू नाही, क्लास नाही, मोबाइलवर दिसेल ते उचलायचं. या बारा वर्षांत त्याला कोणी वाईट म्हटलं नव्हतं, कारण मन लावून कोणी ऐकलंच नव्हतं. आता एक श्रोता मिळाला होता, तर तो असा.

"माणूसच उलटा आहे," तो ऋचाला सांगायचा. "लेक चहा पुढे करते तर त्यालाही नाही म्हणतो. आणि मग दोन्ही हातांनी कप धरून सगळा पितो. निम्मा बशीत, निम्मा सदऱ्यावर."

शेवटी त्याने वॉचमन बजरंगकडे चौकशी केली.

"भिमाजी आबा व्हय?" बजरंग म्हणाला. "औंढ्यात भजनाला पखवाज त्यांचाच. एक मात्रा हुकली की बुवाला बी थांबवायचं. आता न्हाई वाजवत. हात ऐकत न्हाईत म्हणत्यात."

गंधार जिना चढला तो पेटूनच. म्हणजे म्हाताऱ्याला कळत होतं.

त्याने स्वतःचं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि ट्यूनर लावून तपासलं. तार ओढून सूर चढवायचा, तर तो वरच्या सुराला पोचतच नव्हता. अलीकडेच दम टाकत होता. बारा वर्षं. म्हातारा बरोबर आहे हे कळल्यावर राग उतरायला हवा होता. तो दुप्पट झाला. गंधार एका बोटाने तार ओढत असे. आता तीन बोटं लावली, मनगट फिरवलं, बोटांची सालं निघाली. पंधरा दिवसांनी सूर जागेवर बसला. त्याने विजयी नजरेने समोर पाहिलं.

मान हलली.

मग लय तपासली. गंधार पळत होता. टकटक ठेका देणारा मेट्रोनोम साठावर लावून तो महिनाभर मुंगीच्या चालीने वाजवत राहिला. ऋचा म्हणाली, घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटतंय. मान हललीच. मग त्याच्या लक्षात आलं, आपण फार वाजवतो. दहा सुरांची जागा दोन सुरांना दिली आणि मधे श्वास सोडायला शिकला. तरीही मान हललीच.

एकदा आबा खाली फाटकाशी सापडले. राजेश्वरीताई रिक्षा बघायला पुढे गेल्या होत्या.

"आबा, काय चुकतंय ते एकदा तोंडाने सांगाच," गंधार म्हणाला.

"मी कुटं काय म्हणलं?" आबा म्हणाले आणि त्याच्या तोंडासमोर मान हलवली. "वाजवा की. मी ऐकतोय. मला दुसरं काय काम हाय?"

पुन्हा मान.

"वर टोमणेही मारतात," गंधारने घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यातच कुसगावच्या एका हॉटेलाने विचारलं. हॉटेलचा स्वतःचा बँड, आठवड्यातून सहा संध्याकाळी, लीड गिटार गंधारची. म्हणजे अकरा वर्षांची नोकरी सोडायची. मॅनेजर प्रदीपला सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. त्याने ऐकून तोंड भरून कौतुक केलं होतं, पण गंधारच्या लेखी त्याला काडीची किंमत नव्हती. प्रदीपला डोसा आणि उत्तप्पाही सारखाच आवडायचा.

"ती मान थांबली तर राजीनामा," गंधार म्हणाला. "नाही थांबली तर कारखाना, मरेपर्यंत."

"म्हणजे आपलं घर आता आबांच्या मानेवर," ऋचा म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

रविवारी सहा वाजता तो दात-ओठ खात बसला. खाली पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत तुंबल्या होत्या. त्यांच्यावरचा राग, म्हाताऱ्यावरचा राग, बारा वर्षांचा राग, सगळा त्याने एका तारेत ओढला. सूर चढला, थांबला, थरथरला, आणि अलगद उतरला.

त्याने समोर पाहिलं.

मान सरळ होती. डोळे मिटलेले. त्याने पुढची ओळ वाजवली, त्याच्या पुढची वाजवली, अख्खी धून संपवली. मान जागची हलली नाही. गंधारचा राग इतक्या महिन्यांनी प्रथमच कुठेतरी निघून गेला, आणि हातांचं काय करावं हे त्याला कळेना.

सोमवारी सकाळी त्याने राजीनामा दिला. दुपारी प्रदीपला होकार कळवला. संध्याकाळी पेढे घेऊन समोरचा जिना चढला आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

राजेश्वरीताईंनी पुडा घेतला. "चांगल्या दिवशी आलात," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं आबांची मान काही केल्या स्थिर राहत नव्हती. शनिवारी डॉक्टरांनी गोळी बदलली. आता बघा, कशी शांत आहे."

"गोळी बेस हाय," आबा म्हणाले. "फकस्त झोप लय येती." त्यांनी गंधारच्या डोक्यावर हात ठेवला. "रोज सहाची वाट बघत असतो मी. काल मातुर तुमी वाजवलंच न्हाई व्हय?"