घमेल्यातला चिखल
साधनाने भोरला संगणकावर फाईल उघडली. गेल्या भातलावणीला बांधावर बसून मोबाईलवर टिपलेल्या सोजराआत्याच्या गाण्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उभी होती. मोबाईलमधून फाईल काढताना मराठी अक्षरं टिकवणारा युनिकोडचा पर्याय निवडायचा राहिला होता, आणि ती न तपासताच साधनाने मोबाईलमधला मजकूर पुसला होता. आता युनिकोड निवडून पाहिलं, पण अक्षरं काही परतली नाहीत. तिने तडक आत्याचं गाव, पाली, गाठलं. “आत्या, ती गाणी पुन्हा म्हणता का?” “चिखलात पाय असल्याबिगर गाणं येतंय व्हय? अन् गुडघं तर गेलं माजं!” साधनाने खाचरातला चिखल घमेल्यात भरून ओटीवर आणला. “येडीच हाईस!” म्हणत आत्याने पाय बुडवले आणि पहिली ओळ झुळझुळत आली. मग आत्या थांबली. “पुढं म्हणा की.” “पुढली ओळ माज्या जोडीची सगुणा उचलायची गं. चैतात गेली की ती.”