उणे दहा

ढगांत शिरल्यापासून विमानातलं उंची सांगणारं यंत्र मुकंच झालं होतं. धावपट्टी दिसताच को-पायलट जवळजवळ ओरडलीच, "सर, दिसली!" तिचं हे पहिलंच लँडिंग होतं.

"अगं, ती कुठे पळून जातेय?" कॅप्टन हसले.

तेवढ्यात यंत्राला वाचा फुटली. "पन्नास. तीस. दहा."

चाकं अलगद टेकली. मागे प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विमान लख्ख उन्हात थांबलं.

"शाब्बास, पोरी!"

"उणे दहा," यंत्र म्हणालं.

"याचं डोकं फिरलंय. बंद कर ते."

तिने हसत हसत बटण बंद केलं.

"उणे तीस. उणे पन्नास."

खिडकीबाहेर धावपट्टी जिथल्या तिथे होती. टाळ्या मात्र थांबल्या होत्या.

मग दोघांच्याही कानांत एकदमच दडे बसले, विमान खाली जाताना बसतात तसे.